नवव्या कलमाची चिठ्ठी

न्यायालयाच्या वाचनालयात तिला सगळे खळताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. काम एकच, पण ते तिच्याशिवाय कुणाला जमत नसे. राज्यघटनेत दुरुस्ती झाली की सरकार नवं पुस्तक काढत नसे. नवी आवृत्ती पुढच्या वर्षी येणार, असं दर वर्षी सांगितलं जाई. तोवर दुरुस्त केलेला मजकूर छोट्या चिठ्ठ्यांवर छापून यायचा आणि त्या चिठ्ठ्या जुन्या पुस्तकांत, नेमक्या कलमावर, नेमक्या ओळीवर डकवायच्या. पुस्तकं एकूण एक्केचाळीस: वाचनालयात नऊ, न्यायाधीशांच्या दालनांत चौदा, वकिलांच्या खोलीत सहा आणि कारकुनांच्या टेबलांवर बारा. पैकी एकाही पुस्तकात चिठ्ठी राहून गेली तर त्या टेबलावर जुनाच कायदा चालू राहणार. एक म्हातारे वकील चेष्टेनं म्हणायचे की लोकप्रतिनिधी राज्यघटना बदलतात ते फक्त कागदावर, खरी बदलतात खळताई.

खळ ती स्वतः शिजवायची. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचा, गुठळी म्हणून राहू द्यायची नाही आणि शेवटी चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. बाजारातल्या बाटलीतल्या गोंदाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे. चिठ्ठीला खळ लावायची ती फक्त आतल्या कडेला, बोटभर. उरलेली चिठ्ठी मोकळी. म्हणजे चिठ्ठी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता येतो. जुन्या खटल्यांना जुना कायदा लागतो, तेव्हा झाकायचं पण पुसायचं नाही, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. वडील बुकबाइंडर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं आणि दोन्ही मुली अक्षरं गिरवायच्या आधी खळ लावायला शिकल्या होत्या.

वडिलांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. मजकूर वाचायचा नाही. कलमाचा आकडा बघायचा, ओळ बघायची, कड जुळवायची. वाचत बसलं की लक्ष अर्थात जातं आणि हात वाकडा होतो. थोरलीनं, म्हणजे खळताईनं, हे अगदी मनावर घेतलं. धाकटी मात्र चिठ्ठी हातात आली की आधी वाचणार, वर त्यावर वडिलांशी वाद घालणार आणि मग ती तिरकी डकवून मोकळी होणार.

खळताईनं न वाचण्याचा नेम चाळीस वर्षं पाळला. एकदा एका विणकराला अकरा दिवस कोठडीत ठेवलं होतं, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या वकिलानं न्यायाधीशांपुढे पुस्तक उघडलं, तर अटकेचं कारण चोवीस तासांत सांगितलंच पाहिजे अशी चिठ्ठी तिथं होती. आदल्या दिवशीच लावलेली, अजून जरा ओलसर. विणकर दुपारी घरी गेला. संध्याकाळी तो विचारत विचारत वाचनालयात आला आणि ही चिठ्ठी कुणी लावली म्हणाला. लोकांनी खळताईकडे बोट दाखवलं. तो तिला काहीबाही चांगलं बोलला. तिला फार बरं वाटलं, पण तिनं खरं तेच सांगितलं, की बाबा रे, मी ती वाचलेली नाही. विणकराला हा विनयच वाटला असणार. वाटू दे.

आता नवव्या कलमाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही बाई कळायची नाही.

धाकटी बावीस वर्षांची असताना नदीवर मोठा पूल बांधायला परदेशी इंजिनीअर आले होते. त्यांतला एक आपल्या वह्या बांधून घ्यायला दुकानात यायला लागला. त्याला किती वह्या लागत होत्या देव जाणे, पण पूल अर्धा व्हायच्या आत धाकटीनं लग्न ठरवलं होतं. वडील आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी दुकानातलं घटनेचं पुस्तक आणलं, नववं कलम काढलं आणि दोघी मुलींसमोर मोठ्यानं वाचलं. परदेशी नागरिकाशी विवाह करणारी स्त्री विवाहाच्या दिवसापासून या देशाची नागरिक राहणार नाही. पुरुषाबद्दल तिथं काहीच नव्हतं. पुरुषानं परदेशातली बायको करून आणावी, चार आणाव्यात, कलमाचं काही म्हणणं नव्हतं.

धाकटी म्हणाली, हे कलम बदलेल. थोरली म्हणाली, बदलेल तेव्हा बदलेल, आज काय ते बोल. बोलता बोलता शब्दानं शब्द वाढला. धाकटी ट्रंक घेऊन निघाली तेव्हा थोरली मागच्या खोलीत बसून राहिली, दारापर्यंतसुद्धा गेली नाही. आतूनच तिनं एक वाक्य फेकलं.

"जायचंय ना, मग जा. इथं कुणी तुझी वाट बघणार नाही."

आणि मग ती छत्तीस वर्षं वाट बघत राहिली.

धाकटी वर्षा-दोन वर्षांनी यायची, तीस दिवसांच्या परवानगीवर. ज्या गल्लीत ती लंगडी खेळली त्याच गल्लीच्या टोकाला पोलीस चौकी होती आणि दर सोमवारी तिथं जाऊन तिला परदेशी म्हणून सही करावी लागे. सही घेणारा हवालदार तिच्याच वर्गातला. शाळेत तिच्या वहीतली गणितं उतरवून पास झालेला. तो मान खाली घालून विचारायचा, येण्याचा उद्देश? धाकटी म्हणायची, लिही, तुझी गणितं तपासायला आले. दोघं हसायची, पण शिक्का बसायचाच. थोरली चौकीच्या बाहेर पायरीवर उभी राहायची. तिला त्या शिक्क्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा.

वडील शेवटच्या आजारात असताना धाकटी आली होती. तीस दिवस संपत आले. मुदत वाढवून मिळावी म्हणून दोघी बहिणी तीन कार्यालयं फिरल्या. शेवटच्या खिडकीतल्या माणसानं नियम दाखवला. तो वाईट नव्हता, त्यानं बसायला खुर्चीही दिली, पण मुलगी म्हणून थांबण्याचा रकाना त्याच्या कागदावर नव्हता. धाकटी गेली आणि अकराव्या दिवशी वडील गेले. शेवटचे दोन दिवस ते थोरलीलाच धाकटीच्या नावानं हाक मारत होते आणि थोरली ओ देत होती.

तेव्हापासून खळताईनं नवव्या कलमाचं तोंड बघायचं सोडलं. ते पान उलटायची वेळ आली की ती दोन पानं एकदम उलटायची. माणसाशी अबोला धरावा तसा तिनं पुस्तकाच्या एका पानाशी अबोला धरला होता.

त्यानंतर चारेक वर्षांनी एकदम सात दुरुस्त्यांचा गठ्ठा आला. त्यांतल्या एका दुरुस्तीवरून देशभर रण माजलं होतं. चौकशीशिवाय कुणालाही डांबून ठेवता येणार नाही, अशी ती होती. वर्तमानपत्रं तिनंच भरलेली, वकिलांच्या खोलीत दुसरा विषय नाही. बाकीच्या सहांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. खळताईनं तीन आठवड्यांत सातही दुरुस्त्या एक्केचाळीस पुस्तकांत लावल्या. एक चिठ्ठी नवव्या कलमाची होती. तिनं आकडा बघितला, ओळ बघितली, कड जुळवली आणि नजर खिडकीकडे ठेवून वरून चिठ्ठी सपाट बसवायची हाडाची पट्टी फिरवली. एक्केचाळीस वेळा.

त्याच सुमाराला धाकटीचं पत्र आलं होतं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी तिनं विचारलं होतं, तुमच्याकडे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या म्हणे, तुला काम फार पडलं असेल ना? थोरलीनं उलट टपाली उत्तर दिलं. हो, सात आल्या, सगळ्या लावून झाल्या.

त्यानंतर धाकटीची पत्रं बदलली. लांबलचक पत्रं अर्ध्या पानावर आली, अर्ध्या पानाची चार ओळींवर. येणंही कमी झालं. पुढे पत्रांची जागा फोननं घेतली आणि फोनवर धाकटीशी बोलणं म्हणजे हवामान खात्याशी बोलण्यासारखं झालं. तिकडे थंडी आहे, इकडे उकाडा आहे, तब्येत बरी आहे, ठेवू का? थोरलीला वाटायचं, संसारात रमली. बरंच आहे. असं म्हणून ती मागच्या खोलीतल्या खिडकीखालची धाकटीची खाट झटकून ठेवायची. त्या खाटेवर कुणी झोपत नव्हतं, पण चादर मात्र दर पंधरा दिवसांनी बदलली जायची.

चार वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा वारला. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात होता. म्हणजे आता एक बहीण त्या टोकाला एकटी आणि दुसरी ह्या टोकाला एकटी. थोरलीच्या तोंडावर दर फोनला एकच वाक्य यायचं, इकडे ये गं. पण ये म्हणून कुठे ये? तीस दिवसांसाठी? ती ते वाक्य गिळायची आणि विचारायची, थंडी कितपत आहे?

खळताई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी चिठ्ठ्या आल्या की तिला बोलावणं यायचं. दुसऱ्या कुणी लावल्या की पानं चिकटायची. यंदा एकच चिठ्ठी होती. नवी ग्रंथपाल तिशीची, चटपटीत मुलगी. खळताईला आता बारीक अक्षर नीट दिसत नसे, म्हणून ओळीचा आकडा ग्रंथपाल वाचून सांगणार असं ठरलं. खळताईनं खळ घोटून आणली होती, पहिलं पुस्तक पुढ्यात घेतलं होतं. मुलीनं नुसता आकडा सांगायचा तर सवयीनं सगळंच वाचून टाकलं.

"कलम नऊ. विवाहामुळे नागरिकत्व गमावलेल्या स्त्रीने एक वर्षाच्या आत मागणी केल्यास ते तिला परत मिळेल, अशी जी तरतूद होती, त्यातली एक वर्षाची अट काढलीय. आता कधीही मागता येईल. छान झालं, नाही?"

खळताईचा हात थांबला. तिनं विचारलं, "एक वर्षाची अट कुठली?"

"आधीच्या दुरुस्तीतली. एकोणीस वर्षं झाली तिला." मुलीनं पुस्तकाकडे बोट केलं. "तुम्हीच लावलेली असणार की."

खळताईनं दोन पानं एकदम न उलटता एकच उलटलं. चिठ्ठी तिथंच होती, सरळ, एकही सुरकुती नाही. तिनं चष्मा पुसला, चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि शब्द शब्द लावून वाचली. मग ती उचलली आणि खालचं जुनं कलम वाचलं, वडिलांनी वाचलं होतं तेच. मग पुन्हा चिठ्ठी. एक वर्ष दिलेलं होतं. कुणीही मागावं आणि परत यावं. एक अख्खं वर्ष ते दार उघडं होतं आणि त्या दाराची पाटी तिनं स्वतःच्या हातांनी एक्केचाळीस ठिकाणी लावली होती.

मग तिला स्वतःचं पत्र आठवलं. सात आल्या, सगळ्या लावून झाल्या.

ग्रंथपालनं पाणी आणून दिलं. खळताईनं ते घेतलं आणि त्या दिवशी एकही चिठ्ठी न लावता ती घरी गेली. खळीचं भांडं टेबलावरच राहिलं आणि वर साय धरली. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

घरी येऊन ती मागच्या खोलीत खाटेच्या कडेवर बसली. तिनं स्वतःला जे विचारलं ते सोपं नव्हतं. वडिलांचा नेम म्हणून वाचलं नाही, हे खरंच होतं. पण बाकीच्या सहांपैकी तीन-चार तरी चिठ्ठ्यांवर तिची नजर ओझरती गेली होती, तेवढी जातेच. ह्या एकीवर तिनं ती जाऊ दिली नव्हती. तिला राग होता. कलमाचा होता, नियम दाखवणाऱ्या माणसाचा होता आणि खरं सांगायचं तर धाकटीचाही होता, ट्रंक घेऊन निघालेल्या त्या बावीस वर्षांच्या पोरीचा. त्या रागापायी तिनं डोळे मिटले आणि बहिणीची एकोणीस वर्षं घालवली. वर स्वतःचीही. हे तिनं त्या खाटेवर बसून कबूल केलं आणि मग ती खूप रडली.

फोनवर हे सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिनं पत्र लिहायला घेतलं. आधी दोन्ही दुरुस्त्यांचा मजकूर आपल्या हातानं जसाच्या तसा उतरवला. खाली लिहिलं की पहिली चिठ्ठी मीच लावली पण वाचली नाही, आणि का वाचली नाही तेही लिहिलं, रागासकट. तुला कळवलं नाही ह्याचा अर्थ तू काय लावला असशील ते आता माझ्या ध्यानात येतंय, असं लिहिलं. शेवटी ते वाक्य, छत्तीस वर्षं उशिरानं: मी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली, नवी खळ केली आणि पाच दिवसांत एक्केचाळीस पुस्तकांत चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येक वेळी वाचून. तीन-चार ठिकाणी हात किंचित वाकडा गेला. वडील म्हणायचे ते खोटं नव्हतं. तिनं त्या तशाच राहू दिल्या.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. खळताईचे ते सहा आठवडे कसे गेले ते पोस्टमनला विचारा. तो गल्लीच्या टोकाशी दिसला की ही दारात. शेवटी शेवटी तो लांबूनच मान हलवून नाही सांगायचा, उगाच बाईला उभं राहायला नको.

मग एके दिवशी जाड लिफाफा आला. आत एक छापील अर्ज होता, चार पानी, आणि धाकटीचं पत्र.

तिनं लिहिलं होतं, "ताई, ती दुरुस्ती झाल्याचं मला त्या वर्षीच कळलं होतं. इथं आपल्याकडची एक बाई होती, ती परत गेली. मला वाटलं, तुला माहीत असणारच, तूच तर लावतेस. म्हणून तुला कामाचं विचारलं. तू लिहिलंस, सगळ्या लावून झाल्या. ते पत्र मी ठेवलंय. मला वाटलं, तू सांगतेयस की तुला कळलंय आणि तुला मी यायला नकोय. सरळ विचारलं असतं तर एका ओळीत मिटलं असतं. पण तू दारापर्यंत आली नव्हतीस ते माझ्या डोक्यात होतं. तू वाचलं नाहीस आणि मी विचारलं नाही. बाबांच्या मुली शोभतो खऱ्या.

अर्ज मी भरलाय. दुसऱ्या पानावरचा एक रकाना कोरा ठेवलाय. तो तिथं राहणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं भरायचा असतो. नको असेल तर कोराच परत पाठव. मी काही म्हणणार नाही."

खळताईनं पत्र बाजूला ठेवलं. पुढच्या खोलीत वडिलांचं टेबल अजून होतं, त्यावरचे खळीचे डाग घासून घासूनही गेले नव्हते. ती तिथं अर्ज घेऊन बसली. कोरा रकाना कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, थेट तिथं जाता आलं असतं. पण तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. ओळीखाली बोट धरून चारही पानं वाचली. सूचना वाचल्या, तळाचा बारीक मजकूर वाचला, छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. कुठे एक शब्द सुटला नाही ना म्हणून पुन्हा एकदा वाचली.

मग ती दुसऱ्या पानावर आली. देशात कायम राहण्याचा पत्ता. तिनं घराचा पत्ता लिहिला. तिथे राहणाऱ्याची संमती. तिनं सही केली. त्याखाली विचारलं होतं, सदर जागा कोणाच्या मालकीची असून अर्जदाराचा तिच्याशी संबंध काय. बहिणीचं घर असं लिहायला तिनं पेन टेकवलं आणि उचललं. धाकटीच्या छत्तीस वर्षांत असा एक कागद नव्हता ज्यावर तिच्या येण्याचं साधं, खरं कारण लिहिलं होतं. तीन कार्यालयांत नव्हतं, चौकीच्या वहीत नव्हतं.

खळताईनं लिहिलं, तिचंच घर आहे.

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग लिफाफ्याला खळ लावली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून चपला घालून निघाली.